चोर बाजारातला कोरीव देखावा: डोल ओढणारे कोळी

मटण स्ट्रीटवरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून गेल्या महिन्यात हा देखावा घेतला. सागवानी पेटी, पुढे काच, रुंदी दोनेक फूट. आत शिडाची एक होडी आणि पाच कोळी, सगळं हाताने कोरलेलं. दुकानदाराने बत्तीस हजार सांगितले, साडेअठरावर जमलं.

आमचं घर वेसाव्याचं, घरात डोलीचा, म्हणजे डोल जाळ्याने मासे धरायचा, धंदा. त्यामुळे कोळ्यांचं चित्र असो की बाहुली, माझी नजर आधी कामावर जाते. रुमाल नेसवला, टोपी घातली, हातात वल्हं दिलं की झाला कोळी, असं बहुतेक कारागिरांना वाटतं. हा कारागीर तसा नव्हता. डोल हे पिशवीसारखं जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधायचं, पाण्याच्या ओढीने मासळी आत शिरते, आणि भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं की ओढून घ्यायचं. पेटीतल्या दोघांचे गुडघे होडीच्या काठाला टेकलेत, अंग मागे झोकलंय, सगळा भार पाठीवर घेतलाय. हे बघितल्याशिवाय कोरता येत नाही.

तिसरा म्हातारा उकिडवा बसून खोल्याची, म्हणजे जाळ्याच्या शेपटाकडची, गाठ सोडतोय. दोरीचं टोक त्याने पायाच्या अंगठ्यात दाबून धरलंय, दोन्ही हात गाठीला मोकळे. माझा आजा अगदी असाच बसायचा. अंगठा बाकीच्या बोटांपासून किती फाकलाय तेसुद्धा कोरलंय, आणि ती अख्खी मूर्ती माझ्या करंगळीपेक्षा लहान आहे! पुढ्यात सांडलेले बोंबील तांदळाएवढे, तरी प्रत्येकाचा जबडा वासलेला. पैसे मी या म्हाताऱ्याचे दिले.

आता खटकलेलं. ‘शंभर वर्षं जुना, सगळं ओरिजिनल’ असं सांगून विकत होते, ते खरं नाही. मागची फळी फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलीय. तसले स्क्रू १९३० च्या दशकात निघाले. जाळं नायलॉनच्या दोऱ्याचं आहे. जुनी जाळी सुताची नाहीतर तागाची असायची, नायलॉन आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आलं. म्हणजे फळी आणि जाळं दोन्ही मागाहून बदललंय. शीड आहे म्हणून होडी जुनी, हेही धरून चालू नका, शिडाची होडी आजही कोरता येते. मला स्वतःला मूर्ती जुन्याच वाटतात, खाचांमधला मळ आणि झिजलेल्या कडा तसं सांगतात. पण समुद्र कुणीतरी नव्याने निळाभोर रंगवलाय, त्याचा फार राग आला. आमच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, मातकट. तळाशी एका कोपऱ्यात जुना रंग शिल्लक आहे, तो बरोबर तसाच आहे.

हे सगळं शांतपणे दाखवलं तेव्हा भाव उतरला. तुम्हीही टॉर्च घेऊन जा, पेटी मागून आणि खालून बघा. लाकडाला बारीक भोकं असतील तर खाली ताजा भुसा पडतोय का ते पाहा. पडत असेल तर कितीही आवडलं तरी सोडा. विकणारा शंभर वर्षं म्हणाला तर तसं बिलावर लिहून मागा. तेवढ्या जुन्या कलावस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, परदेशातल्या लेकीला वगैरे पाठवता येत नाही. आणि जायच्या आधी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईच्या जीवनाची छोटी मॉडेल्स आहेत ती बघून घ्या, नजर तयार होते.

शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी रस्त्यावर बाजार भरतो आणि दुकानं बंद असतात. पेटी टेम्पोत उभीच ठेवून आणा. आडवी केली की डोलकाठी खोबणीतून निसटते, आणि ती परत बसवायची तर काच काढावी लागते.