पेंगणारा उंदीर आणि फसवी हॉट प्लेट: अर्क तपासणाऱ्या चार यंत्रांचं परीक्षण

फार्मसी कॉलेजच्या फार्माकॉलॉजी लॅबमध्ये एखाद्या वनस्पतीचा अर्क दुखणं कमी करतो का, गुंगी आणतो का, हे बघायला चार यंत्रं ठरलेली आहेत: एडीची हॉट प्लेट (गरम पत्रा), टेल-फ्लिकचा अॅनाल्जेसिओमीटर (शेपटीला चटका देणारा), अॅक्टोफोटोमीटर (हालचाल मोजणारा खोका) आणि रोटारॉड (फिरता दांडा). पैसे कमी पडले की पहिली तीन घेतली जातात आणि रोटारॉड 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मागे राहतो. हा क्रम चुकीचा आहे. अर्काचंच काम करायचं असेल तर हॉट प्लेटच्या जोडीला रोटारॉड आधी हवा, टेल-फ्लिक नंतर आला तरी चालेल.

कारण साधं आहे. हॉट प्लेटवर उंदराला चटका बसला हे आपल्याला कळतं ते त्याच्या हालचालीवरून. तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो, तेव्हा आपण घड्याळ थांबवतो. जटामांसीसारख्या गुंगी आणणाऱ्या अर्काने उंदीर सुस्त झाला असेल तर चटका तितकाच बसूनही तो पंजा उशिरा उचलतो. घड्याळात ४ सेकंदांचे ९ होतात आणि प्रबंधात 'लक्षणीय वेदनाशामक परिणाम' असं छापून येतं. तोच उंदीर फिरत्या दांड्यावर ठेवला आणि अर्ध्या मिनिटात खाली पडला, तर त्या ९ सेकंदांचा अर्थ पार बदलतो.

आता एकेक यंत्र. हॉट प्लेटमध्ये धातूचा गरम पत्रा, त्याभोवती पर्स्पेक्सचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं, नळकांडं, थर्मोस्टॅट आणि टायमर एवढंच असतं. तापमान ५५ अंश सेल्सिअस, कट-ऑफ १५ सेकंद. त्यापुढे उंदीर प्लेटवर राहिला तर पंजे भाजतात, म्हणून प्रतिसाद आला नाही तरी १५ व्या सेकंदाला उचलायचाच. स्वस्त मॉडेलची मुख्य खोट अशी की डिस्प्लेवरचा आकडा पत्र्याच्या पोटात बसवलेल्या सेन्सरचा असतो, उंदराच्या पंजाखालचा नव्हे. मधे ५५ आणि कडेला ५३ असं सर्रास सापडतं, आणि उंदीर तर कडेकडेनेच फिरतो. त्यामुळे यंत्र घेताना पुरवठादारासमोरच अर्धा तास तापू द्यावं आणि सरफेस थर्मोकपलने (पृष्ठभागाचं तापमान मोजणाऱ्या तारेने) पाच ठिकाणी मोजावं: मधे एकदा, चार कोपऱ्यांत चारदा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर नाही म्हणावं. थर्मोस्टॅट दर काही मिनिटांनी 'टक' करून चालू-बंद होतो, त्या चढउतारातही तापमान किती हलतं ते बघून घ्यावं.

उंदीर घाबरून लघवी करतो आणि तेवढी जागा थंड पडते. दर उंदरानंतर पत्रा ओल्या फडक्याने पुसून, कोरडा करून, तापमान परत ५५ वर आल्याशिवाय पुढचा ठेवायचा नाही. नळकांडं मात्र स्पिरिटने पुसू नये. पर्स्पेक्सवर स्पिरिट लागत राहिलं की बारीक चिरा पडतात, काही महिन्यांत ते धुरकट होतं आणि आतला पंजा नीट दिसत नाही. साबणाचं पाणी पुरतं.

मोजायचं काय, याबद्दल माहितीपुस्तिकेत फक्त 'पंजा चाटणे' एवढंच लिहिलेलं असतं. पुढचे पंजे उंदीर एरवीही चाटत असतो, तोंड पुसायची त्याची ती सवयच आहे. मागचा पंजा चाटणं, झटकणं किंवा उडी हे धरावं, आणि जे धरलं तेच सगळ्या गटांना लावावं. एकाच उंदराला ०, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना ठेवायचं असा प्रघात आहे. पण दोन-तीन फेऱ्यांनंतर उंदीर शहाणा होतो, चटका बसायच्या आधीच उडी मारतो. अर्क न मिसळता नुसतं द्रावण दिलेल्या गटाचे आकडे त्याच वेळांना घेतले नसतील तर या शहाणपणाने घटलेली वेळ अर्काच्या माथी मारली जाते. निकाल सेकंदांत न देता शक्य तेवढ्या परिणामाच्या टक्केवारीत द्यावा: औषधानंतरच्या वेळेतून आधीची वेळ वजा, भागिले कट-ऑफमधून आधीची वेळ वजा, गुणिले १००. वरच्या ४ चे ९ सेकंद झालेल्या उदाहरणात ५ भागिले ११, म्हणजे सुमारे ४५ टक्के. पाचपैकी गुण साडेतीन, तेही सरफेस थर्मोकपल वेगळं घ्यायची तयारी असेल तरच.

टेल-फ्लिकवर फार लिहिण्यासारखं नाही. तापलेल्या निक्रोम तारेची उष्णता शेपटीवर पडते, उंदीर शेपूट झटकतो. विद्युतप्रवाह असा लावायचा की औषधाविना झटका २ ते ४ सेकंदांत यावा. कट-ऑफ १० सेकंद. आजूबाजूचा भाग तापू नये म्हणून यंत्रात पाणी खेळवायची नळी असते. कठीण पाण्याच्या गावात तिच्यात क्षार साचतात, पाणी अडतं, बैठक तापते आणि दुपारपर्यंत सगळ्याच गटांची वेळ घसरते. डिस्टिल्ड पाणी फिरवलं की हा त्रास टळतो. या चाचणीची खरी किंमत वेगळीच आहे. शेपटीचा झटका मुख्यतः पाठीच्या कण्यातून येतो, हॉट प्लेटवरची चाटण्या-उडीची क्रिया मेंदूच्या वरच्या भागातून. त्यामुळे हॉट प्लेटवर परिणाम दिसला आणि शेपटीवर दिसला नाही, तर आधी गुंगीचा संशय घ्यावा. पण हा फक्त संशय. खात्री रोटारॉडवरच होते.

अॅक्टोफोटोमीटर हा एक झाकणाचा खोका. आत प्रकाशाच्या किरणरेषा आणि समोर तो प्रकाश टिपणारे फोटोसेल. उंदीर रेषा ओलांडेल तसा आकडा चढतो. साधारण ५ किंवा १० मिनिटं मोजतात. याच्याइतकं सोपं यंत्र नाही, आणि याच्याइतके चुकीचे आकडे देणारंही नाही. काही खोक्यांत किरण रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, उंचीला बसवलेले असतात. लहान पांढरा उंदीर खालून निघून जातो आणि यंत्राला पत्ता नसतो. काहींत उंदीर किरणाच्या तोंडाशी बसून अंग चाटत राहतो आणि त्याची शेपूट हलेल तसा आकडा धावतो. नोंदवहीत तो उंदीर 'अतिचंचल'. शेजारचा फ्रीज चालू झाला की व्होल्टेजच्या झटक्याने दोन-चार आकडे फुकट वाढतात, म्हणून स्टॅबिलायझर लावायचा. सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक किरणातून पेन्सिल दहादा आडवी न्यावी. आकडा बरोब्बर दहा आला पाहिजे. सात किंवा तेरा आला तर फोटोसेलवर धूळ किंवा लघवीचा डाग आहे का, बाहेरचा उजेड आत शिरतोय का, ते बघावं.

त्याहून मोठी चूक हिशोबात होते. औषधाआधी ४२०, औषधानंतर १८९, म्हणजे ५५ टक्के घट, असं मांडलं जातं. पण दुसऱ्यांदा खोक्यात गेलेला कुठलाही उंदीर पहिल्यापेक्षा कमीच फिरतो, त्याला ती जागा ओळखीची झालेली असते. नुसतं द्रावण दिलेल्या उंदरातही ही घट येते. अर्काच्या गटाची तुलना त्या गटाशीच करायची, स्वतःच्या पहिल्या आकड्याशी नव्हे. पाचपैकी अडीच.

रोटारॉडमध्ये बिघडण्यासारखं कमी आहे. सुमारे ३ सेंटीमीटर व्यासाचा खरबरीत दांडा, मधे पडदे, ठरावीक वेगाने फिरणारी मोटर. वेग डायलवर न वाचता दांड्यावर खडूची रेघ मारून मिनिटाला किती फेरे होतात ते मोजावं. डायल २५ दाखवतो तेव्हा दांडा १९ नेही फिरत असू शकतो. खाली पडलेल्या उंदराने जी पट्टी दाबली जाऊन घड्याळ थांबतं, ती १८-२० ग्रॅमच्या उंदराने दबते का, हे तेवढ्याच वजनाची रबरी बुचं टाकून पाहावं. दांड्याचा रबर झिजून गुळगुळीत झाला की निरोगी उंदीरही घसरतात. आदल्या दिवशी उंदीर शिकवून घ्यावे आणि ३ मिनिटं टिकणारेच निवडावे. एखादा चिकट उंदीर दांड्याला मिठी मारून त्याच्याबरोबर गोल फिरतो. ती वेळ 'टिकला' म्हणून धरू नये. पाचपैकी साडेचार.

यंत्र न लागणारी एक चाचणी म्हणजे अॅसेटिक अॅसिडची. ०.६ टक्के द्रावण, किलोला १० मिलिलिटर, पोटात टोचायचं. ५ मिनिटांनंतर पुढची १० ते २० मिनिटं उंदीर पोट आखडून मागचे पाय किती वेळा ताणतो ते मोजायचं. द्रावण ताजं लागतं. ही चाचणी संवेदनशील आहे पण भोळी आहे. स्नायू शिथिल करणारी आणि गुंगी आणणारी द्रव्यंही तिच्यात वेदनाशामक म्हणून पास होतात. एकटीच्या भरवशावर निष्कर्ष काढू नये.

यंत्रं चोख असूनही निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा अर्कात. जटामांसीच्या नावाखाली बाजारात भूतकेशी या दुसऱ्याच वनस्पतीची भेसळ चालते, म्हणून आधी वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून नमुना जपून ठेवायचा. मुळं सावलीत वाळवायची; ओव्हनमध्ये घातली तर गुंगी आणणारं सुगंधी तेल लॅबभर दरवळतं आणि अर्कात उरत नाही. अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क नीट सुकवला नसेल तर उरलेलं अल्कोहोलच उंदराला झोपवतं. वजन सलग दोनदा तेच येईपर्यंत सुकवायचा. द्रावणासाठी ०.५ टक्के सीएमसी (अर्क पाण्यात तरंगता ठेवणारी सेल्युलोजची पूड) चांगलं. डीएमएसओ हा विद्रावक टाळावा, त्याचे स्वतःचेच परिणाम असतात.

मात्रा ठरवताना ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या पद्धतीने किलोला २००० मिलिग्रॅमवर विषारीपणा पाहतात आणि दशांश, पंचमांश धरून २०० व ४०० मिलिग्रॅम घेतात. किलोला १० मिलिलिटर या हिशोबाने ४०० ची मात्रा द्यायची तर द्रावण मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमचं हवं. २५ ग्रॅमच्या उंदराला त्यातलं ०.२५ मिलिलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम. प्रत्येक उपसण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर पहिल्या उंदराला पातळ पाणी आणि सहाव्याला गाळ मिळतो.

गुंगीसाठी पेंटोबार्बिटोन या झोप आणणाऱ्या औषधाच्या झोपेची चाचणीही करतात: किलोला ४० मिलिग्रॅम दिल्यावर उंदीर उताणा केला असता परत पालथा न होण्याचा काळ मोजायचा. झोप लांबली म्हणून अर्क गुंगीकारक ठरत नाही. पेंटोबार्बिटोन यकृतात मोडतं. अर्काने यकृताचं ते काम मंदावलं तरी झोप लांबतेच. शंका फेडायला बार्बिटोन हे त्याच जातीचं औषध वापरावं, ते बहुतांशी जसंच्या तसं लघवीवाटे जातं. त्यातही झोप लांबली तर परिणाम मेंदूवरचा.

कागदपत्रांचं काम यंत्रांच्याही आधी सुरू करावं. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीची, म्हणजे सीसीएसईएची (पूर्वीच्या सीपीसीएसईएची), नोंदणी याशिवाय एकही उंदीर पिंजऱ्याबाहेर काढता येत नाही. तुलनेसाठी लागणारं मॉर्फिन, डायझेपाम, पेंटोबार्बिटोन हे सगळं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं, आणि पूर्वी सहज मिळणारं ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही २०१८ पासून त्यातच आहे.

पुरवठादाराला ऑर्डर देताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: हॉट प्लेटच्या पाच ठिकाणच्या तापमानाचा तक्ता, अॅक्टोफोटोमीटरच्या किरणांची जमिनीपासूनची उंची, आणि रोटारॉडचं जादा रबर. तिसऱ्याला बहुतेक जण 'नंतर पाठवतो' म्हणतात. ते हातात पडेपर्यंत बिल अडवून ठेवावं.