ठिपकेवाले केस की बंद झालेले स्विस: जुने फोल्डिंग चाकू जमवायचे तर कुठून सुरुवात करावी

दोन्ही जमवून झालंय माझं, म्हणजे केसचे चाकू चार वर्षं जमवले आणि एक सोडून सगळे देऊन टाकले, स्विसवाले मात्र अजून ड्रॉवरमध्ये वाढतच चाललेत, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते इथेच कळलं असेल. तरी शक्य तितकं सरळ लिहितो. केस म्हणजे ब्रॅडफर्ड, पेनसिल्व्हेनियाची डब्ल्यू. आर. केस अँड सन्स, डोक्यावरचे नाहीत. आणि स्विस म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर, दोन्हींचे बंद झालेले प्रकार. पाती किती, स्टील कुठलं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. बक ११० बद्दलही विचारतात लोक, पण तो लॉकबॅक, म्हणजे उघडल्यावर पातं अडकून राहणारा, त्याच्या शिक्क्यांचं गणित वेगळं, आणि १९८६ पासून तर वर्षाची खूणच असते पात्यावर, त्यामुळे तो इथे घेत नाही.

केसची गंमत अशी की चाकू स्वतःच आपली कुंडली सांगतो. टँगवरचा, म्हणजे पात्याच्या मुठीजवळच्या बुडावरचा, नंबर वाचायला शिकलात की झालं. ६२५४ घ्या: ६ म्हणजे नक्षी कोरलेलं हाड, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे ट्रॅपर नावाचा साचा. तोच चाकू सांबरशिंगाच्या मुठीत आला की ५२५४. वर्षाचंही तसंच. १९४० ते १९६४ शिक्का नुसता केस एक्सएक्स, १९६५ ते १९६९ त्याखाली यू.एस.ए., आणि १९७० ला खाली दहा ठिपके आले, मग दर वर्षी एक ठिपका कमी. म्हणजे १९७७ ला तीन, १९७९ ला एक. १९८० ला परत दहा, पण तेव्हा एस अक्षर विजेसारखं तिरकं केलं त्यामुळे आधीच्या दहाशी घोळ होत नाही. इतकी सोपी पद्धत दुसऱ्या कुणाची मी तरी पाहिली नाही. पहिल्या आठवड्यात तर मी पोस्टाची तिकिटं लावल्यासारखे ठिपक्यांच्या ओळीने चाकू मांडून ठेवले होते, आणि एखादं वर्ष मध्ये रिकामं दिसलं की चैन पडायची नाही.

आणि हातात धरायला केस म्हणजे केस, यात वाद नाही. हाडाची मूठ वापरून वापरून गुळगुळीत होते, पातं मिटताना जो टक्क आवाज येतो तो स्विस चाकूला कधीच नाही. ट्रॅपर आजही बनतो, पण त्या शिक्क्याचा आणि त्या हाडाचा नाही, म्हणून जुन्याला मागणी.

आता माझं कुठे बिनसलं ते सांगतो. एक ६२५४ घेतला होता, यू.एस.ए. शिक्का, खाली एकही ठिपका नाही, म्हणजे १९६५ ते १९६९ मधला. चाकू आरशासारखा चकचकीत, मूठ छान, आवाज छान, मी खूश. महिनाभराने रात्री सहज भिंग घेऊन बसलो, बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला तर यू.एस.ए. च्या खाली दोन बारीकशा खोलगट सावल्या. नखाने लागत नव्हत्या, सरळ उजेडात दिसतच नव्हत्या, बॅटरी थोडी वर उचलली की गायब आणि खाली आणली की परत हजर. दोन ठिपके, म्हणजे १९७८. कुणीतरी बफिंगच्या चाकावर टँग इतकी घासली होती की ठिपके पुसले गेले आणि मोठी अक्षरं तेवढी राहिली, आणि ठिपके गेले की उरतो तो शिक्का वाचायला १९६५ ते ६९ चाच. मुद्दाम केलं की बिचाऱ्याने गंज काढायला पॉलिश केलं, देव जाणे. ज्याने विकला त्यालाही बहुतेक माहीत नसावं.

पैशाचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण खरा त्रास पुढे सुरू झाला. माझ्याकडच्या बाकीच्या बिनठिपक्यांच्या चाकूंकडे बघायची नजरच बदलली. प्रत्येकाची टँग आडव्या उजेडात परत तपासली, एका चाकूवर तर काहीतरी आहे की नाही हे तीन रात्री ठरेना. मुरलेले लोक म्हणतील हाडावरची नक्षी बघ, पिना बघ, बरोबर आहे त्यांचं, ते करतात आणि त्यांना जमतं. पण नवशिक्याचा सगळा भरवसा त्या टँगवरच्या नखाएवढ्या जागेवर असतो, आणि साक्षीदार एकच असला आणि त्यालाच कुणी फितवला की खटला संपला.

स्विस चाकूचं उलट आहे. साध्या व्हिक्टोरिनॉक्सवर वर्ष लिहिलेलंच नसतं, त्यामुळे सुरुवातीला वैताग येतो. पण पुरावा सगळ्या अंगभर पसरलेला असतो. कात्रीच्या सांध्यात रिव्हेट आहे की स्क्रू, कॉर्कस्क्रूच्या तारेवर बाहेरून खाच आहे की ती गुळगुळीत आहे, टोच्याला दोरा ओवायचं भोक आहे का, टोकाला जुनी कडी आहे की किचेनची रिंग, मूठ जुन्या फायबरची की सेलिडोर या प्लॅस्टिकची. मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणाऱ्या चाकूंना पाठीमागचा पार्सलचा हुक १९९१ ला आला, त्यामुळे जो प्रकार पुढे हुकवाला झाला त्याचा बिनहुकाचा नग दिसला की एक टोक पक्कं. मग दुसरं टोक कात्रीवरून, तिसरं शिक्क्यावरून, असं करत करत तुम्ही सातआठ वर्षांच्या पट्ट्यात येऊन पोचता. नेमकं वर्ष नाही मिळत हे कबूल. केसमध्ये मिळतं. पण हा पट्टा सहसा खोटा ठरत नाही, निदान माझा तरी अजून ठरला नाहीये, कारण खोटा पाडायला सहा ठिकाणी एकदम हात मारावा लागेल.

यातही लफडी आहेत. सेलिडोरच्या लाल मुठी रिव्हेटवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, निघतात आणि नव्या बसतात, त्यामुळे मुठीच्या चकाकीवर जाऊ नका. माझ्याकडे एक आहे, मूठ कालच्या बॉक्समधून काढल्यासारखी आणि आतल्या पट्ट्यांवर पन्नास वर्षांचे ओरखडे, कात्री रिव्हेटची. मूठ बदललीय हे उघड आहे, पण बाकी सगळे पुरावे एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे तो चाकू मला अजिबात छळत नाही.

बंद झालेल्यात वेंगर तर आख्खी कंपनीच आली. स्वित्झर्लंडमधल्या डेलेमाँची ही कंपनी व्हिक्टोरिनॉक्सने २००५ ला घेतली आणि २०१३ ला जाहीर केलं की चाकू यापुढे एकाच नावाखाली, त्यामुळे वेंगरचा प्रत्येक चाकू आता जमवायचाच चाकू. मुठीवरचा क्रॉस ढालीत असेल तर व्हिक्टोरिनॉक्स, गोल कोपऱ्यांच्या चौकोनात असेल तर वेंगर, एवढं लांबूनही कळतं. नेहमीची लांबी ८५ मिलिमीटर, कात्रीला बारीक दाते, आणि व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीत ती बारीकशी स्प्रिंग असते जी मोडते म्हणजे मोडतेच, ती भानगड नंतरच्या वेंगरमध्ये नाही. कुणी आज शून्यापासून सुरू करत असेल तर वेंगर वाईट नाही, प्रकार भरपूर आणि लोकांचं लक्ष अजून थोडं कमी आहे असं मला वाटतं, चूकही असेन.

आणि ज्याला ठिपक्यांसारखं नेमकं वर्षच हवंय, त्याच्यासाठी स्विसमध्येही एक वाट आहे, ती म्हणजे १९६१ चा सोल्जर, स्विस सैन्याचा चाकू. ९३ मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियमची खरखरीत मूठ, २००८ मध्ये सैन्याने नवा चाकू घेतला तोपर्यंत चालला. पात्याच्या टँगवर वर्षाचे दोन आकडे असतात, आणि व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर दोघांनीही तो बनवला, म्हणजे एकाच वर्षाचे दोन भाऊ जमवता येतात. सुरुवातीच्या वर्षांतल्या मुठी लाल, नंतरच्या चंदेरी. शिवाय या मुठी आरपार रिव्हेट केलेल्या, दाबून बदलता येत नाहीत, कुणी बदललीच तर रिव्हेटच्या डोक्यावर दिसतं. माझी ओळ सध्या याच चाकूंची चालू आहे. हाताला केसची ऊब नाही त्यात, थंडगार लागतो, आणि फार देखणा आहे असंही म्हणणार नाही.

तुम्हाला हाडाची, शिंगाची मूठच हवी असेल, आणि एखादा जाणकार ओळखीचा असेल जो घ्यायच्या आधी बघून देईल, तर खुशाल केस घ्या, माझ्या एका अनुभवावरून मागे हटू नका. फक्त दोन गोष्टी सांभाळा. सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या, मुठीचा जुना चाकू कुठल्याही कंपनीचा असो, बाकीच्यांबरोबर बंद डब्यात ठेवू नका, सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारचे चाकूही गंजतात. आणि यू.एस.ए. शिक्क्याचा बिनठिपक्याचा केस असेल तर टँगचा फोटो आडव्या उजेडात काढून मागा, समोरून फ्लॅश मारलेला फोटो पाठवला तर परत मागा, वाईटपणा आला तरी चालेल.

तो दोन ठिपक्यांचा अजून माझ्याकडेच आहे, काय सांगून विकायचा ते कळत नाही. पार्सलं त्यानेच फोडतो, धार उत्तम आहे.