छायाचित्रांची राखीव प्रत: बाह्य हार्ड डिस्क की क्लाउड?

संगणक बंद पडल्यावर किंवा फाइली चुकून पुसल्यावर छायाचित्रे परत मिळतीलच असे नाही. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून पुसलेल्या फाइली ‘फोटोरेक’सारख्या मोफत साधनाने पुष्कळदा सापडतात, मात्र त्यांची मूळ नावे सहसा हरवतात, एसएसडीमध्ये (चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये) तर पुसलेली जागा मोकळी करणाऱ्या ‘ट्रिम’ या सोयीमुळे पुसलेली माहिती बहुधा कायमचीच जाते. म्हणून दुसरी प्रत आधीच हवी.

बाह्य हार्ड डिस्क एकदाच विकत घ्यावी लागते आणि इंटरनेटशिवाय शेकडो जीबी छायाचित्रे मूळ दर्जासह काही तासांत साठवते. पण ती संगणकाशेजारीच ठेवली, तर आग, चोरी किंवा पुराच्या पाण्यात दोन्ही प्रती एकदमच जातात. कायम जोडून ठेवली, तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो.

क्लाउडमधील, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली, प्रत घराबाहेर असते, हे तिचे खरे बळ. मात्र गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून चढवलेली कमी दर्जाची छायाचित्रेही १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजली जातात, आणि अ‍ॅपमधून चुकून पुसलेले छायाचित्र क्लाउडमधूनही निघून कचरापेटीत ६० दिवसच राहते.

माझ्या मते संपूर्ण संग्रहासाठी डिस्कच योग्य. घरच्या जुन्या माणसांची, पुन्हा कधीच टिपता न येणारी छायाचित्रे मात्र क्लाउडवरही असावीत.