वडाळ्याचा पार्ट-लोडवाला: लोखंड बिनधास्त द्या, काच विचार करून

आमचा कांदिवलीला गाळा आहे. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारं सामान आम्ही पुरवतो: तिपाया, रिटॉर्ट स्टँड, बर्नर, बीकर, टेस्ट ट्यूब. माल जातो लातूर, उदगीर, चंद्रपूर, कधी इंदूर. अख्खी गाडी भरेल अशी ऑर्डर क्वचितच येते, त्यामुळे पार्ट-लोडशिवाय, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच गाडीत माल पाठवण्याशिवाय, गत्यंतर नाही. गेली काही वर्षं वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका ट्रान्सपोर्टकडे माल देते. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि उद्या पुन्हा त्यांच्याच काउंटरवर उभं राहायचंय. वर्णनावरून ओळखायला जाल तर तेही जमणार नाही. तिथली सगळीच ऑफिसं सारखी: देवाचा फोटो, घरघरणारा पंखा, बिल्टीबुकांची (बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक-पावती) चळत आणि दारात काटा.

लोक पहिला प्रश्न विचारतात, किती दिवसांत पोचतं? चंद्रपूरचा माल पूर्वीपेक्षा लवकर पोचतो, यात शंका नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. पण समृद्धी सुरू होते आमण्याला, भिवंडीपाशी. माझा माल कांदिवलीहून छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) बसून आधी दक्षिणेला वडाळ्याला जातो, रात्री तिथून आयशर ट्रकमध्ये पुन्हा उत्तरेला, भिवंडीजवळ माणकोलीच्या त्यांच्या गोडाऊनला येतो, आणि मग कुठे मोठ्या गाडीत चढतो. सकाळ-संध्याकाळची नो-एंट्री, माजिवड्याचा जाम, हे सगळं या पहिल्या टप्प्यात. सातशे किलोमीटर एका बाजूला आणि मुंबईतून बाहेर पडणं एका बाजूला. ‘थेट माणकोलीला आणून टाका, किलोमागे रुपया कमी करतो’ असं ते म्हणतात. पण घोडबंदर रोडने टेम्पो पाठवायचा खर्च धरला तर तो रुपया टेम्पोवालाच खातो. शिवाय एकदा टेम्पो त्या रस्त्यात अडकला की त्या दिवशी दुसरी फेरी विसरा.

आता कौतुक. बुकिंगला बसणारे काका हा या ऑफिसचा खरा ऐवज. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, पण इंदूरला पाठवायचं तर पन्नास हजारांच्या वर ते हवंच. ते आम्ही गाळ्यातून काढतो. गाडी नंबरचा पार्ट-बी मात्र ट्रान्सपोर्टवाल्याने भरायचा असतो, आणि तो भरला की बिलाच्या मुदतीचं घड्याळ चालू. दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे इंदूरला तीन दिवस. आमच्या आधीच्या ट्रान्सपोर्टमधला पोरगा माल हातात पडताच कुठल्याही गाडीचा नंबर टाकून मोकळा व्हायचा. माल दोन दिवस गोडाऊनमध्ये पडून, आणि बिलाची मुदत तिथेच संपत आलेली. रस्त्यात पकडलं तर दंड कराच्या दुप्पट. हे काका माणकोलीला गाडी भरून ताडपत्री बांधली असा फोन आल्याशिवाय पार्ट-बीला हात लावत नाहीत. ‘ताई, घाई तुम्हाला आहे, कागदाला नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बिल्टीवर गावाचं नाव, शाळेचा फोन, डाग (नग) किती, सगळं स्वच्छ अक्षरात. तालुक्याच्या गावी दोन-दोन ‘जिल्हा परिषद हायस्कूल’ असतात, तिथे हे अक्षर किती कामाला येतं ते ज्याचा माल भलत्या शाळेत उतरलाय त्यालाच विचारा.

मग भाडं. इथे नव्या माणसाचा घाम निघतो. बिल्टीवर दोन रकाने असतात, प्रत्यक्ष वजन आणि चार्ज्ड वजन. पैसे दुसऱ्यावर. आमचं बीकरचं खोकं दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साडेचार घनफूट. काट्यावर भरतं ११ किलो. पण हे लोक घनफुटाला १० किलो धरतात, त्यामुळे बिल्टीवर ४५. लातूरचा दर ८ रुपये धरला तर ८८ रुपयांच्या जागी ३६०. यात फसवणूक नाही, गाडीत जागा अडते त्याचे पैसे आहेत, सगळेच घेतात. फक्त दर विचारताना ‘किलोला किती’ एवढंच विचारू नका, ‘घनफुटाला किती धरता’ तेही विचारा. सहापासून दहापर्यंत उत्तरं मिळतील, आणि सहा किलोवाल्याचा नऊचा दर दहा किलोवाल्याच्या आठपेक्षा स्वस्त पडेल. आम्ही आता मोठ्या बीकरमध्ये छोटा, त्यात फिल्टर पेपरची पाकिटं आणि मधल्या फटींत टेस्ट ट्यूब साफ करायचे ब्रश असं भरतो. हवेचं भाडं कशाला द्यायचं!

तिपाया आणि स्टँडच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. लोखंड काट्यावरच जड, त्यामुळे दोन्ही रकाने जवळजवळ सारखे, आणि आपटलं तरी फार तर रंग उडतो. लोखंडासाठी या ट्रान्सपोर्टला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

काचेची गोष्ट वेगळी. मागच्या पावसाळ्यात उदगीरच्या एका शाळेत खोकं पोचलं ते उलटं. चारी बाजूंना लाल अक्षरांत ‘काच’ आणि वर जाणारे बाण होते, बाण जमिनीकडे बघत होते. तळाचा पुठ्ठा भिजून मऊ झालेला, म्हणजे ताडपत्री कुठेतरी फाटलेली होती. मुख्याध्यापकांनी उघडतानाचा व्हिडिओ पाठवला: वरचा थर शाबूत, खालच्या थरात हात घालायची सोय नाही. काकांना फोन केला, त्यांनी मालकांकडे दिलं, मालकांनी बिल्टी उलटी करायला सांगितली. मागे बारीक टाइपात ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे नुकसान झालं तर ते मालवाल्याचं.

त्या बारीक टाइपाला घाबरू नका, पण फार आशाही ठेवू नका. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याने ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी ठरवून दिली आहे. मात्र जास्त जोखमीचा दर देऊन किंमत आधी जाहीर केली नसेल तर ती भाड्याच्या दहापटीवर थांबते. माझं खोकं ९ हजारांचं, भाडं ३६०, म्हणजे कमाल ३,६००. (चार्ज्ड वजनाचा हा एवढाच काय तो फायदा, खऱ्या वजनाने ८८० वर भागलं असतं.) कोर्टात जायचं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस हवी. आणि हे सगळं पुढचं. मुळात माल घेणाऱ्याने पोचपावतीवर सही करण्याआधी ‘खोकं ओलं, आतून काच वाजते’ एवढं लिहायला पाहिजे. शाळेचा शिपाई बिचारा सही करून मोकळा होतो. आम्ही आता माल निघाला की शाळेला हेच आधी फोन करून सांगतो. आमच्या प्रकरणात चेक मिळाला नाहीच. ‘पुढच्या बिल्टीत वळते करून देतो’ म्हणाले आणि खरंच केले, तेही मागे लागल्यावर. काचेच्या मालाला आता मी वर्षाचा ट्रान्झिट विमा घेते. मोठी ऑर्डर असेल तर दुसऱ्याकडे लाकडी क्रेट करून पाठवते, महाग पडतं तरी.

डिलिव्हरीबद्दल एक. ‘डोअर डिलिव्हरी’ बिल्टीवर लिहिलेली असते, पण दार म्हणजे शाळेचं फाटक. गाडीतून खाली कोणी उतरवायचं यावर दरवेळी घोळ. ट्रकवाल्यांच्या संघटनांची घोषणाच आहे, ज्याचा माल त्याचा हमाल, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर चूक काय? पण शाळेत हमाल कुठून आणणार, दहावीची पोरं लावतात उतरवायला. हमाली कोणाकडे, हे बुकिंगलाच बिल्टीवर लिहून घ्या. काका कुरकुरतात, पण लिहितात. मोठ्या गावात त्यांची स्वतःची शाखा आहे, तिथे अडचण येत नाही. लातूरहून पुढे उदगीरला मात्र माल दुसऱ्याच कोणाच्या टेम्पोत जातो, आणि तिथून पुढे यांचा ताबा सुटतो.

बिलावर जीएसटी दिसत नाही म्हणून स्वस्त समजू नका. रिव्हर्स चार्ज आहे, भाडं भरणाऱ्याने ५ टक्के स्वतः भरायचे.

ट्रॅकिंगचं अ‍ॅप आहे म्हणे. त्यात माल कायम ‘इन ट्रान्झिट’. माणकोलीच्या गोडाऊनचा नंबर काकांकडून मागून घ्या आणि रात्री नऊनंतर लावा, लोडिंग चालू असतं तेव्हा उचलतात. डिसेंबर-जानेवारीत, बारावीच्या प्रात्यक्षिकांआधी, सगळ्या शाळांना एकदम जाग येते तेव्हा बुकिंग चार वाजायच्या आत करा. चारनंतर दिलेला डाग त्या रात्रीच्या आयशरमध्ये चढत नाही, ते कितीही ‘हो जाएगा मॅडम’ म्हणोत.