धुरकटलेल्या दुहेरी काचांसाठीचे दुरुस्ती-किट : वापरानंतरचा अभिप्राय

दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांच्या मधल्या पोकळीत बाष्प साचू लागले, की फडके आतून फिरवा वा बाहेरून, काच धुरकटच राहते. अशा दोन खिडक्यांवर मी घरच्या घरी वापरायचे किट आजमावून पाहिले. त्यात काचेला भोक पाडणारे बारीक डायमंड बिट, लांब नळीची पिचकारी, धुण्याचे द्रावण आणि शेवटी भोकांत बसवायच्या चिमुकल्या झडपा होत्या.

बाहेरच्या काचेला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोके पाडायची, पोकळी धुऊन घ्यायची, पाणी ओढून काढायचे आणि आतला भाग पूर्ण सुकल्यावरच झडपा लावायच्या, अशी ही पद्धत आहे. ड्रिल मंद गतीने, जोर न देता आणि बिटवर सतत पाणी सोडत चालवावे लागते. घाई केली तर काचेला तडा जातो. काच टफन्ड (तापवून झटकन थंड करून कडक केलेली) असेल तर भोक पाडूच नये, कारण तिचा क्षणात चुरा होतो. तशा काचेच्या कोपऱ्यात बहुधा शिक्का असतो, तो आधी शोधावा. इतकी महत्त्वाची सूचना माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापणे मला बेजबाबदारपणाचे वाटले.

नुकतीच धुरकटू लागलेली पहिली खिडकी काही दिवसांत स्वच्छ झाली आणि झडपा मुद्दाम शोधल्याशिवाय दिसतही नाहीत. दुसरी खिडकी मात्र कित्येक वर्षे तशीच पडून होती. साचलेले पाणी काचेतील क्षार ओढून घेते आणि काचेचा पृष्ठभागच खरवडल्यासारखा होतो. तो दुधी डाग कोणत्याही द्रावणाने निघत नाही, माझ्याकडेही निघाला नाही.

खोक्यावरच्या ‘दुरुस्ती’ या शब्दाला माझा खरा आक्षेप आहे. काचांमधल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. कडेचे सील फुटले की ते दाणे हळूहळू ओलाव्याने भरून जातात आणि मगच धुके दिसू लागते. हे किट सीलला हात लावत नाही, दाणेही बदलत नाही, आणि पोकळीत उष्णता अडवण्यासाठी आर्गॉन वायू भरलेला असेल तर तोही परत येत नाही. त्यामुळे काच स्वच्छ दिसली तरी खिडकीची उष्णता अडवण्याची मूळ क्षमता परतत नाही. दमट हवेत पहिल्या खिडकीच्या तळाशी पुसटशी धूसर रेघ पुन्हा उमटलीच. तेथे चौकटीची पाणी वाहून जाण्याची छिद्रे मातीने बुजलेली आढळली, म्हणजे सीलची कड कायम पाण्यात उभी होती. ती छिद्रे तारेने मोकळी करावीत, असे पत्रकात कुठेही लिहिलेले नाही.

नव्याने धुरकटलेल्या काचेसाठी, तात्पुरती सोय म्हणून, मी हे किट सुचवीन. दुसऱ्या खिडकीसाठी मात्र चौकट तीच ठेवून केवळ काचांची नवी सीलबंद जोडी मागवली असून, माप देताना लांबी-रुंदीबरोबर दोन्ही काचा आणि पोकळी धरून एकूण जाडीही कळवली आहे.