स्वादुपिंडातील सिस्टवर नजर ठेवणारी एआय सेवा : वाचन पक्कं, जोडणी कच्ची

म्हापशात सोनोग्राफी, मडगावात सीटी, पणजीत एमआरसीपी (पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दाखवणारा एमआरआय). गोव्यात एकाच पेशंटचे रिपोर्ट असे तीन ठिकाणी पडलेले असतात आणि पोटदुखीच्या तपासणीत सहज सापडलेल्या स्वादुपिंडातल्या सिस्टचा (द्रवाने भरलेल्या पिशवीचा) पाठपुरावा तिथेच सुटतो. ही सेवा रिपोर्टांच्या मजकुरातून सिस्टचा आकार, जागा, स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेची रुंदी उचलते आणि पुढच्या स्कॅनची तारीख काढते. प्रत्यक्ष स्कॅन ती बघत नाही. रेडिओलॉजिस्टने नलिकेची रुंदी लिहिली नसेल तर तो रकाना कोराच राहणार.

वाचन खरंच चांगलं आहे. ‘सिस्ट नाही’ हा नकार कळतो, किडनीची सिस्ट बाजूला पडते. गडबड होते ती झेरॉक्स स्कॅन करून टाकली की. 1.8 सेंमीतला टिंब पुसट असला तर 18 सेंमी होतात! आकडा माणसाने मूळ कागदाशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

तारखा अशा सिस्टसाठीच्या 2024 च्या आंतरराष्ट्रीय क्योतो मार्गदर्शिकेप्रमाणे निघतात: सिस्ट 20 मिमीहून लहान असेल तर 6 महिन्यांनी एकदा आणि स्थिर राहिली तर दर 18 महिन्यांनी, 20 ते 30 मिमीला 6-6 महिन्यांनी दोनदा, मग दरवर्षी, त्याहून मोठीला दर 6 महिन्यांनी. हे वेळापत्रक शाखा-नलिकेच्या आयपीएमएनचं, म्हणजे नलिकेच्या फांदीत वाढणाऱ्या, पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या सिस्टचं. पॅन्क्रियाटायटिसनंतरच्या (स्वादुपिंडाला सूज आल्यावर साठलेल्या द्रवाच्या) स्यूडोसिस्टलाही सेवा तेच लावते, ही चूक आहे. निदानाचा रकाना हाताने बदलावा लागतो. मुख्य नलिका 10 मिमी किंवा जास्त, कॉन्ट्रास्ट (स्कॅनआधी टोचलेलं औषध) घेणारी सिस्टमधली 5 मिमीपासूनची गाठ, किंवा सिस्टमुळे कावीळ असेल तर तारीख न देता थेट सर्जनच्या लाल यादीत नाव जातं. ते बरोबर.

सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे पहिल्या स्कॅनशी तुलना. 14, मग 15.5, मग 17 मिमी: दर सहामाही रिपोर्ट म्हणतो ‘विशेष बदल नाही’, कारण तो मागच्याच रिपोर्टाकडे बघतो. वर्षाची वाढ मात्र 3 मिमी, आणि क्योतोची चिंतेची रेषा 2.5. सेवा हे पकडते. पण सीटीचं माप एमआरआयला लावलं, किंवा आडव्या छेदाचं उभ्याला, तर 2 मिमीचा फरक नुसत्या मोजण्यातूनच येतो. इशारा आला की आधी दोन्ही मापं एकाच पद्धतीची आहेत का ते पाहावं.

आणि नावं! शिरोडकर एका रिपोर्टवर ‘एस’ने, दुसऱ्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाच्या ‘एक्स’ने. सेवेच्या लेखी ती दोन माणसं, दोघांचीही सिस्ट पहिल्यांदाच दिसलेली. जन्मतारीख आणि मोबाइल नंबरावरून जुळणी करायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण मुळात बंद असते. पहिल्याच दिवशी चालू करून घ्या.

एकट्या स्कॅन सेंटरला याची गरज नाही, तिथे वही पुरते. चारी बाजूंचे रिपोर्ट ज्यांच्या टेबलावर येतात त्या सर्जरी किंवा गॅस्ट्रो विभागाने घ्यावी, तीही लाल यादीतल्या पेशंटला फोन करणारा माणूस नेमूनच, कारण सेवा फक्त ईमेल पाठवते.