पाषाण तलाव: पक्षी भरपूर, पाणी आजारी

पुण्याच्या मध्यवस्तीपासून साधारण १२ किलोमीटरवरचा हा तलाव नैसर्गिक नव्हे. ब्रिटिश काळात राम नदी अडवून तो केला. नदी बावधनच्या बाजूने येते आणि उत्तरेकडून बाहेर पडून पुढे मुळेला मिळते. त्यामुळे बावधनच्या नाल्यांत जे सुटते, ते आधी इथे येते. टेकड्यांवरची झाडी गेल्याने मातीही वाहून येते. नदीचे पाणी तलावात शिरताच संथ होते आणि गाळ तिथेच बसतो, म्हणून तलाव मुखापासून उथळ होत जातो.

शेकाट्या मोठ्या संख्येने दिसले तर आधी खूश होऊ नका. हा लांब लाल पायांचा पक्षी सांडपाण्याच्या उथळ चिखलातही मजेत चरतो. वारकरी, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे या पाणपक्ष्यांसाठी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावेच. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. सकाळी बांधाच्या पूर्व टोकावरून पश्चिमेकडे पाहावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते. दक्षिणेकडे पाहिले तर हिवाळ्यात सूर्य डोळ्यांवर येतो, रंग कळत नाहीत.

खरी डोकेदुखी जलपर्णीची. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खत. ते मिळाले की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. दाट थर झाला की खाली उजेड पोचत नाही, हवेतला प्राणवायूही पाण्यात नीट मिसळत नाही. त्यात कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायू खातात. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून मासे मरतात ते बहुधा त्याच वेळी.

यंत्राने जलपर्णी काढली तरी तुटके तुकडे पुन्हा फुटतात, आणि गाळातले बी वर्षानुवर्षे टिकते. काढलेला ढीग काठावर सोडला तर त्यातली पोषकद्रव्ये पावसाबरोबर परत पाण्यात जातात. तो लगेच उचलायलाच हवा. पाणकणीस (काठावरचे उंच, कणसासारख्या तुऱ्याचे गवत) मात्र सरसकट छाटू नये, पाणकोंबड्यांचा आडोसा तोच. नदी तलावात शिरण्याआधीच सांडपाणी अडवले नाही, तर ही सफाई दर वर्षी नव्याने करावी लागणार.

पक्षी पाहायला पाचपैकी चार, पाण्याला दीड. पावसाळ्यात काठाची माती निसरडी असते, तेव्हा बांध सोडून खाली उतरू नये. डास फार, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.